मांडीवरचं तिकीट

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बेबी, तू होय! बरं झालं दुकानाच्या फोनवर केलास. मोबाईलवर बँकेची मुलगी आहे, तिला धरून ठेवलंय… नाही गं, फसवणूक नाही. मीच लावलाय फोन… हो, कार्डामागच्या नंबरावर. चष्मा लावून बघून लावलाय. तू म्हणजे ना!

ऐक ना. आधी खाली बस… गिऱ्हाईक आहे? मग दे त्याला औषध आणि बस. मी थांबते.

(अहो कारागीर, मोठं शिलाई मशीन जरा थांबवा हो दोन मिनिटं! काही ऐकू येत नाही… हॉटेलचे पडदे उद्या गेले तरी चालतील. आजवर त्यांच्या खिडक्या उघड्याच होत्या की.)

हां, बोल… बसलीस? सात वेळा का फोन केला म्हणतेस? सांगते. घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. हे घरी झोपलेत. दादाही बरा आहे… हो, सकाळीच बोलले त्याच्याशी. दम लागत होता थोडा, पण बोलला. तेच तर सांगायचंय. आपण दादाकडे जायचंय. तू आणि मी. विमानाने.

हसू नकोस… हसून झालं? बावीस तारखेला जायचं, सत्तावीसला परत. दादाला ऐंशी पूर्ण होतील तेव्हा आपण दोघी तिथे असू… थांब, थांब, पैशाचं काढू नकोस. पैसे नाहीतच यात. पॉइंट आहेत.

पॉइंट गं! मी कापड घेते तेव्हा कार्ड घासते ना, प्रत्येक वेळी पॉइंट पडतात. हॉटेलच्या पडद्यांचं सगळं कापड मी कार्डावर घेतलं, तेव्हापासून ढीग झालाय. त्यावर तिकीट मिळतं… अगं, यांना त्यातून बॅग मागवायची होती. मोठी, चाकांची. मी म्हटलं, बॅग घेऊन जाणार कुठे, स्वयंपाकघरात?

हो… हो… अगं ऐक ना. मला ठाऊक होतं तू हेच म्हणणार. ‘ताई, तुझ्या पैशाने मी येणार नाही.’ पाठ आहे मला. माझ्या साठीला मी तुला शाल दिली तर दुसऱ्या आठवड्यात तू मला दोन चादरी आणून दिल्यास. आंबट चेहरा करून. म्हणून तर पॉइंटांवर काढलं! हे पैसे नाहीत, बाई. पाकिटात ठेवता येत नाहीत, कुणाला उसने देता येत नाहीत. नाही वापरले तर आज संध्याकाळी सहाला वाफ होऊन जाणार. मग नाही म्हणायला तुला जागाच कुठे उरली?

किती वाजले?… माझ्या घड्याळात सव्वापाच… तुझं पुढे असतं, जाऊ दे.

आता मूळ भानगड ऐक. पण आधी कबूल कर, मला हसणार नाहीस… कर ना कबूल… बरं. काल रात्री मी स्वतः तिकीट काढायला बसले. कुणाला न विचारता. त्या पानावर वरतीच यादी होती. मोठी माणसं, त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह. मुलं, त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह. आणि खाली लिहिलेलं, बेबी!… हो ना! मला इतकं कौतुक वाटलं! म्हटलं, काय हुशार झालंय बघा, याला आपली बेबीसुद्धा माहिती! फोनमध्ये तुझं नाव आहे ना, ‘बेबी’ म्हणून, मला वाटलं तिथूनच घेतलं. सारखं काहीबाही सुचवत असतं ना ते. मी दिलं दाबून.

हॅलो?… बेबी?… हसतेयस तू. कबूल केलं होतंस!

नाव विचारलं, तिथेही बेबी लिहिलं… कागदावरचं कशाला लिहू? त्या नावाने तुला हाक मारलीय का कुणी कधी? शाळेत मास्तरसुद्धा बेबी म्हणायचे! जन्मतारीख विचारली, ती लिहिली तर पान लालच व्हायला लागलं. म्हटलं, सकाळी बघू. आणि पॉइंटही इतके बरोब्बर बसले, की मी खूश! दोन माणसं जाऊन वर दोन हजार उरले. तिथेच मला कळायला हवं होतं.

आज ही मुलगी म्हणते, ‘मॅडम, बेबीचं वय?’ मी म्हटलं, बासष्ट. मग म्हणते, ‘मॅडम, बेबी दोन वर्षांच्या आतली लागते. ती तुमच्या मांडीवर बसेल.’

हो, मांडीवर! अगं माझे गुडघे!… हस, हस, मीही हसले नंतर. ती मुलगीसुद्धा हसली, मग ‘सॉरी मॅडम’ म्हणाली.

आईची आठवण आली गं मला… तीच, तीच! आजोळी जाताना. तुला सात वर्षं झाली तरी कंडक्टर आला की आई म्हणायची, ‘पाच पुरी व्हायचीत अजून.’ आणि मला कोपर मारायची, घे तिला मांडीवर. तू पाय दुमडून बसायचीस… नाही कशी? एकदा तूच ओरडलीस, ‘मी सात वर्षांची आहे, मला पाढे येतात!’ म्हणून दाखवलासही सातचा! अर्धं तिकीट काढावं लागलं, आणि आई आजोळ येईपर्यंत तुझ्याशी बोलली नाही… हो, आणि तरी बसलीस माझ्याच मांडीवर. जागा कुठे होती दुसरी?

(अगं मुली, आहेस ना? फोन ठेवू नकोस हं. माझी बहीणच आहे दुसऱ्या फोनवर. हो, हो, तीच बेबी.)

तर झालंय असं. बेबीला पॉइंट लागत नाहीत. मोठ्या माणसाला लागतात. माझ्याकडे अठ्ठावीस हजार आहेत. एका मोठ्या माणसाचं जाऊन-येऊन सव्वीस. म्हणजे माझं एकटीचं निघतं आणि… तेच सांगतेय. मी एकटी जाणार नाही… नाही जाणार… अगं आगगाडीने दोन दिवस, तुझी पाठ मोडेल. मागच्या वेळी आल्यावर आठ दिवस आडवी होतीस. वरचे पैसे मी घालते म्हटलं तर तू येणार नाहीस. मग काय करू? सांग ना, काय करू?

नको ते, ‘पुढच्या वर्षी बघू’. अकरा वर्षं तेच चाललंय. तिघंजण एका खोलीत बसून अकरा वर्षं झाली, बेबी. दरवेळी फोन ठेवताना दादा काय म्हणतो? ‘पुढच्या वर्षी या गं दोघी.’ म्हणतो ना? आज नाही म्हणाला. मी वाट पाहिली. तो नुसतं म्हणाला, ‘बरं, ठेवतो.’

…

हॅलो?… आहेस ना?… हां. नाही, मी रडत नाहीये. कापडावर आखायच्या खडूची धूळ असते इथे.

नाही, तू बोल… कसले मेसेज?… कुणाचे?… थांब, थांब. नीट सांग. तुला मेसेज येतात ‘आपले पॉइंट’ म्हणून, आणि तू काय करतेस? पुसतेस?! का?… फसवणुकीचे वाटतात! अगं बाई माझे!… तुझं कार्ड कोणतं आहे? निळंच ना?… हो की गं, आपण दोघींनी एकदमच काढलं! इथल्या शाखेतली पोरगी पडदे शिवून घ्यायला आली होती, तिला महिन्याअखेर दोन कार्डं कमी पडत होती, म्हणून मी तुझं नाव दिलं. तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस त्यावरून!

आणि तू ते वापरतेस?… मला वाटलं कपाटात असेल… कुणाची बिलं?… सगळ्या इमारतीची?… वीज, गॅस, औषधं, सगळं? म्हणजे म्हातारेकोतारे तुझ्या हातात रोख ठेवतात आणि तू कार्डावर भरतेस… किती वर्षं?… सात! सात वर्षं, चार मजल्यांची!

बेबी, आता मी सांगते तसं कर. बँकेचं ते उघड… फोनमधलं गं, निळा चौकोन… मग हा फोन कानाला धर आणि मोबाईल समोर ठेव. गिऱ्हाईकाला थांबव. खोकला दोन मिनिटांत काही वाढत नाही.

उघडलं?… काय मागतंय? नंबर आला मेसेजमध्ये?… सांगू नकोस! मला सांगू नकोस तो, कुणालाही सांगायचा नसतो… मला नाही सांगणार म्हणतेस? बरोबर. शाबास. टाक तूच.

आता खाली ‘बक्षिसं’ असं काही दिसतंय?… ते दाब… काय आकडा आहे?… परत वाच. एकेक आकडा वाच… चार… एक… शून्य… हळू गं… एक्केचाळीस हजार?!

(अहो, ऐकलंत का? आमच्या बेबीचे एक्केचाळीस हजार पॉइंट! माझ्यापेक्षा जास्त! मशीन नका चालू करू हो इतक्यात!)

कुणाचे म्हणजे? तुझे. तुझेच… त्यांचे कसे? त्यांचं वीज बिल त्यांना मिळालं, तुझ्या पायऱ्या चढण्याचे हे पॉइंट. कुणाचं काही घेतलेलं नाहीस तू… अगदी हवं तर विचार की एकेकाला. आजीबाई म्हणतील, जा बाई, खाऊ आण आमच्यासाठी.

…

काय म्हणालीस?… परत म्हण… ‘माझ्या तिकिटाने येते.’ हो गं बाई, तुझ्या तिकिटाने! तुझ्याच, माझा एक पॉइंट नको त्यात! मेले, आधी सांगायला काय झालं होतं, सात वर्षं मेसेज पुसत बसलीस!… रजा?… तुझे दुकानदार देतील, वीस वर्षांत मागितलीस कधी? आत्ता विचार. मी ऐकते…

…

दिली?… काय म्हणाले?… ‘परत येणार ना?’ विचारलं! हा हा… सांग, येणार म्हणावं, परतीचं पण आहे.

बरं, पटकन आता. साडेपाच होऊन गेले. (मुली, आहेस ना? हं, ऐक. बेबी रद्द कर. नाही, बेबी येतेय, पण बेबी रद्द. तिचं स्वतःचं कार्ड आहे, तुमचंच. तिचे पॉइंट तिच्या तिकिटाला, माझे माझ्या. तिला शेजारच्या टेबलावरून फोन लावायला सांगतेस? आत्ता लगेच सांग. पण आम्हाला शेजारी बसव हं.)

बेबी, तुला आता बँकेचाच फोन येईल. उचल. फसवणूक म्हणून ठेवू नकोस! आणि नाव कागदावरचं सांग… आठवतंय ना तुझं तुला?

ती विचारतेय, एक खिडकीची आहे आणि एक मधली. मी तुला खिडकीची सांगते… का?… का नको? घाबरतेस?… मग?

…

काय म्हणालीस?

… तुला कधी कळलं गं हे?

वेडी. मांडीवर तू असलीस तरी मला खिडकीतून दिसायचं की. थोडं थोडं… बरं, नसेल दिसत. तुझं डोकं मध्ये असायचं. पण मला वेणी दिसायची ना तुझी, मीच घातलेली. लाल रिबीन. तू बाहेरचं सगळं सांगायचीस मोठ्याने, ‘ताई, बैल! ताई, पूल!’ मला सगळं कळायचं… बरं. बरं, रडू नकोस, दुकानात आहेस. बसते मी खिडकीशी. बसते म्हटलं ना… हो, मी सांगेन तुला मोठ्याने. ढग आला की सांगेन.

दादाला तूच कळव. तुझ्या तोंडून ऐकू दे… चल, वाजतोय बघ तुझा मोबाईल. उचल, उचल! ठेवते मी.

(हां, मुली, लिही. खिडकीची माझ्या नावावर. आणि शेजारी माझी बहीण. काय?… नाही गं, आता मांडीवर नाही. मोठं माणूस. एक.)