पोरांमधी बसायचं
साळूबाई आपल्या आंधळ्या लेकीला घेऊन राजूरहून जालन्याच्या एसटीत बसली होती. शहरातल्या शाळेत तिचं नाव घालायचं होतं. पुढच्या बाकावर प्रशिक्षण आटोपून निघालेले दोन शिक्षक बोलत होते, जालन्याच्या एक बाई आणि खेड्यातले एक गुरुजी.

"आम्ही अशी अंध मुलं घेतो सर, पण नावापुरती. मागं बसवून ठेवतो. साठ मुलांत कुणाकुणाकडं बघायचं?"

"माझ्याकडं एक पोरगी हाय, बिलकुल दिसत न्हाई तिला. पोरांमधी बसती, पाढे तोंडपाठ म्हणती."

"आणि लिहायचं?"

"तिथंच अडून राह्यलो. ती ठिपक्यांची लिपी मलाच येत न्हाई."

"मग नुकसानच करताय की तिचं."

"असंल बाई. पण घरी बसली तर काय शिकंल?"

साळूबाई पुढं वाकली.

"गुरुजी, गाव कोणतं तुमचं?"

"हे काय, पुढच्या फाट्यावर. का हो?"

"माझी लेक घ्याल शाळेत?"

"मला लिहायला शिकवता यायचं न्हाई, माय."

"पोरांमधी बसवाल ना पण?"

गुरुजींनी मागं वळून पोरीलाच विचारलं,

"नाव काय गं तुझं, बाळा?"