मागच्याला वाचवणारं मडगार्ड

आईशप्पथ दोस्तांनो, यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. थोडं मी वाढवलंय, तेवढं सोडून.

मुलाने पुण्याहून मला बॅटरीवरची माउंटन सायकल पाठवली. "घरात एकटे बसू नका, फिरत जा," म्हणाला. पण तिला मागचं मडगार्डच नाही. गेलो भिंगारच्या सायकलवाल्या मिस्त्रीकडे. त्याने दोन मडगार्ड पुढ्यात टाकली.

"हे आखूड चिखलापासून तुमची पाठ वाचवतंय, आन् हे लांब मागून येणाऱ्याला वाचवतंय. तुमच्या मागं कोन आसतंय?"

कोणी नसतं, हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, "असतात की पाच-सहा जण!" तुमचीच नावं घेतली.

"मंग लांबच घ्या काका, न्हाईतर दोस्त शिव्या देतील."

टायर जाड, म्हणून त्याने बोटभर फट ठेवून मडगार्ड आवळलं आणि म्हणाला, "बोलवा एकाला. चिखलातून तुमच्या मागं सायकल चालवायला लावून बघू."

आली का पंचाईत! मी नंबर न लावताच मोबाईल कानाला धरला आणि म्हटलं, "कोणी उचलत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, हात पुसले आणि स्वतःची सायकल काढली. "चला, मीच येतो मागं." पार नाल्यापर्यंत आला, सारखा बडबडत. त्याच्या पांढऱ्या शर्टावर एक शिंतोडा नाही!

हसा, लेको. मडगार्ड लांबच आहे, सायकल बाहेर उभी आहे, बघून या. मिस्त्री मागून आला, तेवढं मात्र मी रचलं. तो नुसता "ऱ्हाऊ द्या मंग" म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.