उलथन्याचे दोन टोले

(लढाई संपली त्याच्या पुढचं साल. उमरग्याजवळचं एक खेडं. पडवीत हनीफ; आत चुलीपाशी त्याची बायको हसीनाबी; मधल्या दारात हनीफची धाकटी बहीण खैरुन. बाहेर ओट्यावर हसीनाबीचा भाऊ जैनोद्दीन अम्मासंगं चहा पितोय, त्याची बैलगाडी लिंबाखाली उभी.)

खैरुन : भय्या, भाबीचं बोचकं बांधून झालंय, जैनूभाईचा च्या झाला की गाडी जुपायची म्हणायलेत, आन् तुमी आपले भिंतीकडं तोंड करून बसलाव! बोला की कायतरी!

हनीफ : काय बोलू? भाऊ न्यायला आलाय. माहेरी जाऊ नगं म्हणू?

खैरुन : चार दिसासाठी चालली न्हाय ती! तिच्या आईनं दिलेला पितळंचा तांब्याबी बांधलाय. तांब्या घिऊन गेलेली बाई परत येती व्हय?

हनीफ : मग इचार तिला. का चाललीया?

खैरुन : भाबी, भय्या इचारायलेत, का—

हसीनाबी : ऐकू आलं. मधी दार हाय, समिंदर न्हाय.

खैरुन : मग तुमी दोघं येकमेकाशीच बोला की! इकडं वळ, तिकडं वळ, माजी मान मोडाय आली.

हसीनाबी : अम्मा ओट्यावर हायत. सासूच्या कानावर जाईल असं नवऱ्याशी बोलाय माज्या आईनं शिकवलं न्हाय. तू सांग त्यास्नी. सात वर्सं ते न्हवते तवा म्या ऱ्हायले. ह्योच भाऊ, हीच गाडी घिऊन दोनदा आला. म्हणला, दर्यात बुडाला आसंल, चल, दुसरं घर बघू. म्या गेले न्हाय. आता ते आलेत. आता जाते.

हनीफ : ह्ये उलटंच की.

खैरुन : उलटं न्हाय भय्या, मी सांगते, मला समदं म्हाईत हाय! तुमी आलात त्या दिवशी करोडगिरीच्या जकातनाक्यावर शिपायानं तुमची ट्रंक उचकली आन् तुमी त्याला 'ग्रासियास' म्हणलात, म्हंजी उपकार झाले, ती गंमत मी आडावर सांगितली. बाया म्हणल्या, आजून सांग. मग सांगितलं की तिकडं आर्जेंटिनात जिवाच्या माणसाला 'कोरासोन' म्हणत्यात, म्हंजी काळीज. 'मि सिएलो' म्हणत्यात, म्हंजी माजं आभाळ. लगीन ठरलेली ती 'नोबिया', लगीन झालेली ती 'एस्पोसा'. समद्या तोंडाला पदर लावून हसायल्या. पर द्वारकाकाकूनं घागर खाली ठिवली आन् म्हणली, 'आगं, बोटीवर कोळसा टाकणाऱ्याला कोळसा म्हणाय शिकवतील, फावडं म्हणाय शिकवतील. आभाळ आन् काळीज कोण शिकवतंय? ही बोली बाईच शिकवती.' झालं! आडावरनं निघालेलं ते थेट येणेगूरला जैनूभाईच्या उंबऱ्यात.

हनीफ : तुला आडावर मदरसा भरवाय कुणी सांगितलं हुतं?

खैरुन : तुमीच तर शिकवलं! माजं लगीन ठरलंय तर दिसभर 'नोबिया, पाणी आण, नोबिया, चप्पल कुठं गेली'. मग मला हौस येणार न्हाय व्हय?

हसीनाबी : खैरुन, बाईचं ऱ्हाऊ दे. त्यास्नी येक इचार. द्वारकाकाकूच्या शेळीला ते काय म्हणत्यात?

खैरुन : शेळीला? मि सिएलो.

हसीनाबी : आन् तुला?

खैरुन : नोबिया. लाडात आले तर कोरासोन.

हसीनाबी : अम्माला?

खैरुन : 'ते किएरो' म्हणत्यात, म्हंजी लई जीव हाय तुज्यावर. अम्मा म्हणती, काय बरळतंय ह्ये पोरगं, पर मागनं दोनदा म्हणाय लावती.

हसीनाबी : आन् मला काय म्हणत्यात?

खैरुन : तुला... भाबी, तुला तर...

हसीनाबी : पंधरवडा झाला. शेळीला आभाळ मिळालं. मला कुणी 'पाणी ठिव' बी म्हणलं न्हाय.

खैरुन : भय्या, आता तरी बोला. जैनूभाईनं कप खाली ठिवला. न्हाय न्हाय, अम्मानं परत भरला. शाबास अम्मा!

हनीफ : सांग तिला. बोट तिकडं आर्जेंटिनाच्या बंदरात लागली आन् माज्या छातीत पाणी झालं. मला दवाखान्यात टाकून बोट गेली. मागनं लढाई लागली, आपल्याकडं येणाऱ्या बोटीवर कोण घेईना. गुदामात कातडी उचलायचो आन् एका रांडमुंड म्हातारीच्या खानावळीत पडून ऱ्हायचो. रेमेदियोस तिचं नाव. तिच्याकडं समदे आमच्यासारखेच, कुणाचं कुणी न्हाय. वाढताना ती हरेकाला कोरासोन म्हणायची. मांजराला आभाळ म्हणायची. मी तिथंच शिकलो. सत्तरीची हुती. दोन दात हुते.

खैरुन : भाबी! दोन दात! ऐकलं का, दोनच दात!

हसीनाबी : ऐकलं. दोन दातवालीच हुती का फकस्त, त्येबी इचार.

खैरुन : त्येबी... भय्या? आवो, न्हाय म्हणा की पटकन!

हनीफ : आणखी येक हुती. लुसिया. धोबीखान्यात इस्तरी करायची. आईतवारी खानावळीत जेवाय यायची. ती म्हणली, ऱ्हा हितंच, आपुन लगीन करू.

खैरुन : या अल्ला.

हसीनाबी : मग?

हनीफ : मग म्या म्हणलं, माजी एस्पोसा हाय. ती म्हणली, बरं, कशी हाय? बोलती कशी, हसती कशी? आन् मला सांगताच येईना. वरीसभराचा आपला संसार. अम्माम्होरं तू दिवसा कवा तोंड उघडलं न्हाईस. तुजा दिवसाचा आवाज कसा हाय, ह्येच मला ठावं न्हवतं.

खैरुन : भय्या, तुमी भाबीशीच बोलायलाव!

हनीफ : बोलू दे. मला येकच सांगता येत हुतं. भाकरी झाली की तू तव्यावर उलथनं वाजवायचीस. दोन टोले. नाव घ्यायचं न्हाय, हाक मारायची न्हाय, म्हणून दोन टोले. मी मागं गोठ्यात आसू दे, न्हायतर चिंचंखाली, हातातलं टाकून यायचो. तिकडं म्हातारी कवा कढईवर झारा झाडायची. दोनदा वाजलं की मी अर्ध्या घासावरनं उठून उभा ऱ्हायचो. समदे खदाखदा हसायचे. लुसियाला मी त्येच दाखवलं. ताटलीवर चमचा घेतला आन् वाजवला दोनदा. म्हणलं, अशी हाय.

हसीनाबी : मग ती काय म्हणली?

हनीफ : तिची ताटली उचलून आत ठिवली आन् गेली. पुन्ना आईतवारी आली न्हाय.

खैरुन : आवो मग ह्ये आल्या दिवशीच सांगायचं सोडून शेळीसंगं काय बोलत बसला तुमी!

हनीफ : काय सांगणार? आलो त्या सांजंला गोठ्यात जाऊन बसलो. मुद्दाम बसलो. भाकरीचा वास आला, टोले न्हाय आले. खैरुन, तू आलीस 'आ कोमेर, आ कोमेर' करत, जेवाय चला म्हणत. दुसऱ्या दिवशीबी तूच. मला वाटलं, सात वर्सांत मन उडालं आसंल. तिचं काय चुकलं?

खैरुन : आवो, मला भाबीनंच धाडलं! म्हणली, त्यांच्या बोलीत बोलीव. व्हय ना गं? सांग की.

हसीनाबी : लाज वाटली मला.

खैरुन : कशाची?

हसीनाबी : उलथन्याची. तिकडं माणसाला आभाळ म्हणत्यात, काळीज म्हणत्यात. सात वर्सं ते ऐकून आलेल्या माणसाला म्या काय लोखंड वाजवून बोलवायचं? ढोरं बोलवल्यागत?

हनीफ : ते शब्द म्हातारी मांजराला म्हणायची गं. शेळीला म्हणाय सोपं जातंय. तुला म्हणाय गेलो की तोंडात हलके लागत्यात.

खैरुन : मग जड शब्द न्हाय का तिकडं? आसंल की येखादा! येवढा मोठा मुलूख!

हनीफ : हाय. 'ते किएरो' आईलाबी चालतंय, दोस्तालाबी. 'ते आमो' म्हणून दुसरा हाय, त्यो असा कुणालाबी वाटत न्हाईत. येकाच माणसासाठी राखून ठिवत्यात.

खैरुन : मग म्हणा! आत्ता म्हणा! मी कान झाकते हवं तर!

हनीफ : न्हाय म्हणणार.

खैरुन : आता ह्ये काय नवीन?

हनीफ : लुसियानं मला म्हणला हुता त्यो. तिच्याकडनं ऐकलेला आणून हिच्या ओटीत कसा टाकू? त्यो तिचा हाय. तिच्यापाशीच ऱ्हाऊ दे.

खैरुन : भाबी, ऐकलंस? जैनूभाई उठले बघ. बैलाकडं चालले. काय सांगू त्यास्नी? आगं, बोचकं का सोडायलीस? भाकरीचा तवा बोचक्यात कशाला बांधला हुतास? तवा कोण न्हेतं का माहेरी!

हसीनाबी : माजा हात बसलाय त्या तव्यावर.

खैरुन : आन् आता चुलीवर कशाला ठिवलास? भाकऱ्या तर झाल्या, चूल इझलीया, आता ह्ये उलथनं... या अल्ला. भय्या. ऐकलं?

हनीफ : ऐकलं.

खैरुन : दोनदा वाजलं.

हनीफ : व्हय. ऐकलं म्या.

खैरुन : मग उठा की! रडायलाव काय? भाबी, जैनूभाई बाहिरनं इचारायलेत, आवाज कसला?

हसीनाबी : त्यास्नी म्हणावं, बैल सोडा, दोन घास खाऊन निघा. येणेगूरपतुर येकट्यानं जायाचं, उपाशी नगं.

खैरुन : येकट्यानं! भाबी, येकट्यानं म्हणलीस तू!

हसीनाबी : वरडू नगंस. पाच जणांची ताटं घे. आन् खैरुन, ह्ये आडावर सांगायचं न्हाय.

खैरुन : सांगू तरी काय भाबी? उलथनं वाजलं, येवढंच तर झालं.