नव्या कार्डापायी गेलेला शुक्रवार

...आणि वर मलाच विचारतात, ओस्मो, तू हरलास कसा? हरलो कसा! अहो, हरण्यासारखं काही नव्हतंच तिथे! कागदावर बघाल ना, तुम्हाला सांगतो, कागदावर मी केव्हाच जिंकलो होतो! दोन पानी तक्ता आहे माझ्याकडे. डावीकडे जुनं ग्राफिक्स कार्ड, उजवीकडे नवं, मधे पट्टीने मारलेली रेघ. मेमरी, इकडे सहा जीबी, तिकडे सोळा. पंखे, इकडे दोन, तिकडे तीन. वीज, इकडे एकशेवीस वॅट, तिकडे तीनशेवीस! आणि लांबी... लांबीचं तर विचारूच नका, माझ्या कॉम्प्युटरच्या डब्यात ते मावेना, म्हणून आतली एक पत्र्याची चौकट मी करवतीने कापून काढली, तर ते एका अंगाला झुकायला लागलं, मग खाली बर्चच्या लाकडाच्या ढलपीचा टेकू दिला. जुन्या कार्डाला कधी टेकू लागला होता? नाही ना? मग!

तर हा रायमो. माझ्या खालच्या मजल्यावर राहतो. याचं कार्ड नऊ वर्षांचं. पंखा फिरताना कण्हतं हो ते! मी आपला चांगुलपणाने त्याला जिन्यात गाठून तक्ता वाचून दाखवला. सगळा. दोन्ही पानं. हा ऐकतो ऐकतो आणि म्हणतो काय, "असेल."

असेल! तुम्हाला रायमोचं 'असेल' माहीत नाही. आख्ख्या माणसाचं पाणी करतो एका शब्दात. मी म्हटलं, अरे, माझं कार्ड सेकंदाला सहाशे चित्रं काढतं! तर म्हणतो, "त्यातली त्याने स्वतः किती काढली?" आता हे याला कुणी सांगितलं? कारण खरं सांगायचं तर... हल्लीची कार्डं चारातलं एकच चित्र काढतात, उरलेली तीन अंदाजपंचे ठोकून देतात. म्हणजे चौघांना जेवायला बोलवायचं, ताट एकालाच, बाकीच्या तिघांनी वासावर भागवायचं! आणि खोक्यावर छापायचं, 'चार पटींपर्यंत'! त्या 'पर्यंत'मध्ये सगळा बदमाशपणा. नावंसुद्धा कशी? सुपर! अल्ट्रा! अरे, बटाट्याचे चिप्स विकताय का? आणि नवं धाकटं, स्वस्तातलं कार्ड जुन्या थोरल्यापेक्षा मंद निघतं, ते कुठे बारीक अक्षरातसुद्धा नाही! मला हे सगळं कळतं हो. मी मूर्ख नाही. पण रायमोच्या तोंडून ऐकायचं? कागदावर सगळं लिहिलेलं असताना?

तर मी म्हटलं, लाव पैज! आणि तो म्हणाला, "शुक्रवार."

मागितला काय, तर माझा शुक्रवार! आमच्या बिल्डिंगच्या तळघरात एक सौना, म्हणजे तापल्या दगडांची वाफेची खोली, आणि घरं बत्तीस, आठवड्यातून एकेका घराला एकेक तास. माझा शुक्रवार, संध्याकाळी सात. अकरा वर्षं! आधीचे म्हातारे वारले तेव्हा कुठे मिळाला. सातला दगड असे तापलेले असतात की पळीभर पाणी टाकलं की आठवडाभरातला साहेब, ट्रॅफिक, सगळं डोक्यातून वाफ होऊन जातं. मी माणसात येतो तो त्या एका तासात, खोटं कशाला बोलू. आणि रायमोचा वार मंगळवार, दुपारी चार! दगड कोमट, माणसं कामावर. हरलो तर अदलाबदल!

पण मी भ्यायलो का? छे! करार मीच लिहिला. 'दोन्ही कार्डांवर एकच चाचणी. एकच फेरी. अपील नाही.' हे 'अपील नाही' मीच घातलं हो! म्हटलं, हरल्यावर हा रडायला नको.

दिवस ठरला मे महिन्यातला शनिवार, सगळ्या बिल्डिंगने मिळून अंगण झाडायचा. दुपारी पानं गोळा झाली, सॉसेज भाजले, आणि हातात सॉसेज, त्यावर मोहरीची चटणी, अशी सगळी जनता क्लबच्या खोलीत! समितीच्या अध्यक्षा पिर्क्को बॉलपेन घेऊन तयार. माझ्या सासूबाईसुद्धा आल्या, वय चौऱ्याऐंशी, पाहुण्या म्हणून.

आधी रायमोचं. कार्ड कण्हलं, पडद्यावर जंगल, त्यावरून विमान... सेकंदाला बासष्ट चित्रं. टाळ्या. मग माझं! तिन्ही पंखे, निळे दिवे, सगळी खोली निळी! मी हाताची घडी घालून उभा. विमान उडालं... थांबलं... उडालं... थांबलं. अहो, विमान आहे की बस? चौदा!

चौदा!!

मी म्हटलं, प्रोग्रॅम भिकार आहे! या खोलीतली वीज कमी दाबाची आहे! कागदावर बघा ना, कागदावर सोळा जीबी आहेत! आणि रायमो, सॉसेज चावत, "असेल."

पिर्क्कोबाईंनी सौनाच्या यादीवर शुक्रवारचं 'ओस्मो' खोडलं, 'रायमो' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरच्या मागून सासूबाईंचा आवाज, "काय रे ओस्मो, या भोकांना टोप्या कशाला घातल्यात?"

"कसल्या टोप्या?"

"प्लॅस्टिकच्या. इथे खाली चार भोकं आहेत, चारींना टोप्या. आणि पडद्याची वायर तू वरच्या भलत्याच भोकात खुपसलीयस."

तुम्हाला सांगतो, माझे कान गरम झाले. झालं काय, की नवं यायच्या आधीच मी जुनं कार्ड विकून बसलो होतो. दोन आठवडे कॉम्प्युटर बिनकार्डाचा, त्याच्या अंगच्या किडुकमिडुक ताकदीवर, वायर वरच्या भोकात. हाताला सवय! नवं कार्ड बसवलं, टेकू दिला, दिवे लावले, आणि वायर... कार्डाच्या भोकात नाही, पुन्हा वरच. म्हणजे ती चौदा चित्रं कार्डाची नव्हतीच! कार्ड नुसतं बसून होतं, डोक्यावर टोप्या घालून, निळं हसत!

मी टोपी उपटली, वायर खाली घातली, चाचणी लावली. एकशे एकाहत्तर! खरी, पोटची, एकही अंदाजाची नाही! सगळी खोली "ओऽऽ" करून ओरडली. मी उडीच मारली. म्हटलं, रायमो, बघ! आता बोल!

तर तो दुसरा सॉसेज घेत म्हणतो, "चांगलं आहे रे तुझं कार्ड. मी कधी नाही म्हटलं? पण कागदावर बघ ना. 'एकच फेरी. अपील नाही.' अक्षर तुझंच आहे." पिर्क्कोबाई म्हणाल्या, "बदल आता पुढच्या वार्षिक सभेत." म्हणजे पुढच्या वसंतात! आणि सासूबाई काय म्हणाव्यात? "मंगळवारी गर्दी तरी नसेल."

गर्दी! मंगळवारी चारला मी ऑफिसात असतो हो!

आता शुक्रवारी सात वाजले की खालून रायमोचं पाणी दगडांवर पडल्याचं ऐकू येतं... चुर्रर्र. आणि मी काय करतो? चड्डी-बनियनवर टेबलाखाली पाय घालतो, ते विमानाचं जंगल सुरू करतो, आणि कार्डाच्या तिन्ही पंख्यांच्या वाऱ्यात तळवे शेकत बसतो. तीनशेवीस वॅट लिहिलेत कागदावर, आणि तेवढे मात्र, तुम्हाला सांगतो, अगदी इमानदारीत देतं.