सगळ्यांसाठी उघडं

राई गावच्या पार्वतीबाई सुनेच्या तपासणीला भाईंदरच्या प्रसूतिगृहात आल्या होत्या, पण कान होते शेजारच्या नीरजकडे. त्याची बायको आत प्रसूतीला, मांडीवर लॅपटॉप, पलीकडे त्याची आई, सासू, आत्या नि मावशी. फोनचा स्पीकर चालू, त्यामुळे ऑफिसातला सुयोगही बाकावरच बसल्यासारखा ऐकू येत होता.

"सुयोग, सर्व्हर मला परत बाहेरच ठेवतोय. इथून लॉगिन झालं नाही, तर बाळाला सोडून उद्या अंधेरीला यावं लागेल."

"सर, लॉगिनची डिजिटल चावी तुमचीच टाकलीय. दोनदा तपासली."

"सर्व्हरचा लॉग वाच, का नाकारतोय ते लिहिलं असेल."

"तुमच्या फोल्डरच्या परवानग्या चुकीच्या आहेत म्हणतोय."

"तू काय केलंस त्याला?"

"सगळ्यांसाठी उघडा केला. तुम्ही रजेवर, कोणाचं अडायला नको."

"अरे देवमाणसा, दार सताड उघडं दिसलं की सर्व्हर चावीच मानत नाही."

"आमच्या राईला कोनी कुलूपच न्हाय लावत." पार्वतीबाईंना राहवलं नाही.

"आजी, हा सर्व्हर राईचा नाही. सुयोग, फक्त माझ्यापुरता ठेव."

"केला, सर. बघा आता."

"थांब... घेतलं. आत घेतलं रे."

"मग पार्टी, सर."

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी छान आहेत. आत एकालाच सोडणार."

नीरजच्या आधी आई, सासू, आत्या, मावशी, चौघी उठल्या.

"बसा गो बायांनो," म्हणत पार्वतीबाईंनी लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला. "जा रे बाबा. चावी तुजी हाय."