रिकामी डबी परत कशी द्यायची?

हसा तुम्ही, पण आमच्या लॅबची अब्रू माझ्या सासूबाईंनी वाचवली. युनिव्हर्सिटीत आम्ही ताक आणि पोटाच्या आरोग्यावर संशोधन करतो. सुभानपुऱ्यातलं सासूबाईंचं भजनी मंडळ रोज ताक प्यायला आनंदाने तयार झालं. मग मी प्रत्येकीच्या हातात छोटी डबी दिली आणि हळूच म्हटलं, "यात सकाळच्या शीचा नमुना हवा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आमच्या गुजराती मॅडमनी पहिली डबी उघडली. आत चिवडा! दुसरीत शंकरपाळे, तिसरीत सुखडी. मॅडम ओरडल्या, "अरे, आ तो नास्तो छे!"

मी मंडळातल्या मालूकाकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अगं, ते द्यायची लाज वाटते. आणि रिकामी डबी परत कशी द्यायची?"

आता अभ्यासच गुंडाळावा लागणार, असं मी घरी रडवेल्या आवाजात सांगितलं. एरवी सासूबाई चारचौघांत 'सून ताकावर संशोधन करते' एवढंच सांगायच्या. त्या संध्याकाळी भजन संपताच उभ्या राहिल्या.

"बायांनो, माझी सून शी तपासते. तुमच्या पोटात काय चाललंय ते तुम्हाला नाही, तिला कळतं. उद्या कुणी चिवडा दिला तर याद राखा!"

सकाळी सगळ्या डब्या अगदी हव्या तशा भरून आल्या. सगळ्यात वर सासूबाईंची होती. माझी पीएचडी अजून व्हायची आहे, तरी लेबलवर त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "डॉ. सूनबाईंना सप्रेम भेट."