पहिला नियम शौच

बंगळूरहून योग शिकून देवळालीला परत आले आणि योगवर्ग सुरू केला, तेव्हा वाटलं होतं, बायका आत्मशुद्धीबद्दल विचारतील. त्या तर पहिल्याच दिवशी वर्ग सोडून निघाल्या. मी एवढंच म्हटलं होतं, "योगाचा पहिला नियम शौच. उद्यापासून सगळ्या मिळून त्यानंच सुरुवात करू."

शेजारच्या मंदाकाकू चटई गुंडाळत म्हणाल्या, "पोरी, आता घरोघरी संडास हायेत. मिळून जायचे दिवस गेले."

"काकू, शौच म्हणजे शुद्धी. आपल्या आत डोकवायचं, मनातली घाण काढायची."

काकू परत बसल्या आणि धाकट्या जावेकडे वळल्या. "मंग आदी हिची काढ. लई साठलीय."

"तुमी थोरल्या. पहिला मान तुमचा," जाऊ म्हणाली.

मग तासभर दोघी एकमेकींच्याच आत डोकावत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, शौच नंतर बघू, आधी मौन शिकवायचं.